मोगराचं दूध अन् बाईचं लुगडं

करडी, १९ ऑगस्ट १९७८

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज उजव्या हातानं पानभर लिहा. काय लिहू विचारलं तर म्हणे, काहीही लिहा, मी फक्त अक्षर पाहीन, मजकूर वाचणार नाही. तर हे माझं अक्षर. कोंबडीनं उकिरडा उकरलेला. पाहून घ्या डॉक्टर, अन् शब्द पाळा, पुढचं वाचू नका.

मी घनश्याम. लाखनीला हायवेवर माझं टेलरिंगचं दुकान आहे. जूनमध्ये मला लकवा मारला. शर्टाचं कापड कापत होतो, कातर हातातून पडली, उचलायला वाकलो तर हात माझा ऐकेचना. पाय वाचला, तोंड वाचलं. पोरगा म्हणतो, तोंड जरा जास्तच वाचलं. उजवा हात मात्र लटकला. आता खांदा हलतो, कोपर हलतं, पण बोटं मिटत नाहीत. हे लिहितोय ते पेन अंगठ्याला सुतळीनं बांधून.

दुकानात नुसता बसलो की मी गिऱ्हाइकावर ओरडतो, जागेश्वरवर ओरडतो. जागेश्वर माझा पोरगा, दुकान आता तोच पाहतो. शेवटी त्यानं अन् सुनेनं मिळून मला इकडे करडीला, माझ्या मोठ्या बहिणीकडे आणून टाकलं. म्हणे हवापालट होईल. लाखनीच्या हवेनं काय घोडं मारलं होतं? मला हवा नको, हात पाहिजे. कातर धरता येत नसेल तर घनश्याम टेलर म्हणजे कोण? दुकानावरची पाटी?

बहिणीचं नाव देवकाबाई, मी तिला बाई म्हणतो. ती अंगणातच उभी होती. जवळ गेलो तर दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. कपाळ, कान, मिशी, सगळं. "आला का रे घनशा? किती वाळला!" छप्पन वर्षांच्या माणसाचं तोंड असं कुणी चाचपतं का? जागेश्वरसमोर मला लाजच वाटली. म्हातारपणी बाई फार मायाळू झाली आहे.

२१ ऑगस्ट

घर तेच आहे, आमच्या बापाचं. भावजी गेल्यापासून बाई इथं एकटी राहते. पोरबाळ नाही. शेत बटाईनं दिलेलं. जवळ एक म्हैस. काळी कुळकुळीत, शिंगं मागं वळलेली, अन् नाव ठेवलंय मोगरा! म्हटलं, "बाई, हे काय नाव?" तर म्हणे, "तुले काय करायचं? तिले आवडते."

मी म्हशीच्या कोठ्याच्या दारात उभा राहिलो तर मोगरानं माझ्याकडे पाहून फुस्स केलं. मीही केलं. आमची ओळख झाली.

एक मात्र आहे. धानाच्या तणसाचा अन् शेणाच्या धुराचा तो वास नाकात गेला अन् मी एकदम आठ वर्षांचा झालो. बाप बैलांना कोंडा घालतोय, माय चुलीपुढं, अन् बाई मला मारायला माझ्या मागं धावतेय. कशासाठी ते आठवत नाही. कारण असेलच.

२४ ऑगस्ट

बाईनं मला कामाला जुंपलं. सकाळी तांदळाचं सूप पुढ्यात ठेवलं. "खडे वेच."

"बाई, मी लकव्याचा माणूस. हे बायकांचं काम."

"खडे काय बाप्या-बाई पाहून दाताखाली येतेत?"

दुपारी सुई अन् दोरा. "ओवून दे."

मला काय समजत नाही का? ही सगळी डॉक्टरची शाळा. जागेश्वर जाताना पढवून गेला असेल, आत्या, बाबांच्या बोटांना काम द्या. नाहीतर हीच बाई दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी चिमणीच्या उजेडात माझ्या सदऱ्याला गुंड्या लावायची अन् गप्पा मारता मारता, सुईकडे न पाहता दोरा ओवायची. पहिला टाका मला तिनंच शिकवला. तिला सुई ओवायला आज मी लागतो?

पण बोललो नाही. तिला वाटू दे मी फसलो. सुई डाव्या हातात, दोरा उजव्या बोटांत कसाबसा अडकवला, अन् दहा शिव्या देऊन एकदाचा ओवला. "ओवला? शाबास रे!" म्हणते. नाटकी कुठची!

२७ ऑगस्ट

नाटक वेगळं अन् दुखणं वेगळं. आज बाई खरंच दुखण्यात दिसली. दूध काढून आली अन् ओसरीवर मनगटं धरून बसली. म्हणे, महिनाभर झाला, मूठ वळली की कळ येते. "म्हातारपण रे घनशा. आता मोगराले कोण पिळीन?"

मी तेल गरम केलं. डाव्या हातानं चोळायला लागलो तर म्हणे, "उजव्यानं लाव. डाव्या हाताले गरमी नाई." असं कुठं असतं का? पण दुखणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा? लावलं उजव्यानं. बोटं वळत नाहीत, तळव्यानंच चोळलं. बिचारी डोळे मिटून बसली होती. आयुष्यभर राबली, आता हात गेले. आमच्या घराण्याच्या हातांनाच कुणाची नजर लागली.

३० ऑगस्ट

काल अन् आज मोगराला पिळायला मी बसलो. बाईचं कण्हणं ऐकवत नव्हतं, म्हणून. तिची तान्ही वगार सोडली, वगार प्यायला लागली, मोगरानं पान्हा सोडला. वगार बाजूला बांधली अन् मी हात लावला, की पान्हा गायब! सगळं दूध वर चढवून घेतलं. वर माझ्या पायावर पाय दिला अन् दुधाच्या गंजात शेपटी मारली. मग बाई कण्हत कण्हत आली, बसली, अन् चटकन धार सुरू. च्यायला, म्हैस आहे की सासू?

कुंपणापलीकडून शेजारची रंभाबाई सगळा तमाशा पाहत होती. म्हणाली, "घनश्यामभाऊ, ते तुमच्या हाताले नाई, वासाले घाबरते. देवकाबाईचं लुगडं नेसून बसा. आमच्याइकडं बापे असंच करतेत."

म्हटलं, "मी लाखनीचा टेलर आहे. अर्ध्या तालुक्याची पँट माझ्या हातची आहे. मी लुगडं नेसू?"

"मंग कण्हू द्या तिले," म्हणाली अन् निघून गेली.

३१ ऑगस्ट

नेसलो.

लिहायला लाज वाटते, पण डॉक्टर वाचणार नाही असं म्हणालेत. बाईचं हिरवं लुगडं, न धुतलेलं, धोतरावरूनच गुंडाळलं अन् डोक्यावरून पदर घेतला. मिशी झाकली. मोगरानं हुंगलं, पुन्हा हुंगलं, अन् उभी राहिली. दूध फारसं निघालं नाही, कारण बोटं मिटत नाहीत. उजव्या मुठीवर डावा हात दाबून पिळावं लागतं. पण तिनं चोरलं नाही, मीच कमी पडलो.

रंभाबाई कुंपणाला धरून हसत होती. ते चालायचंच. मला भीती होती बाईची. मी आठ वर्षांचा असताना भुलाबाईच्या गाण्यांना हिच्या घोळक्यात एक पोरगी कमी पडली म्हणून हिनं मला मायचं लुगडं नेसवलं होतं. मी त्यात पाय अडकून पडलो, तो थेट खिरापतीच्या ताटात बसलो. बाई इतकी हसली, इतकी हसली की उचकी लागली, अन् ती काही केल्या थांबेना. मायनं साखर चारली, पाठीत गुद्दे घातले. तेव्हापासून बाईला जास्त हसली की उचकी लागतेच. गावभर तिची उचकी प्रसिद्ध होती.

तर आज मी मिशीवर पदर घेऊन तिच्यासमोरून गंज घेऊन गेलो, अन् बाई हसली नाही. माझ्या दिशेनं तोंड करून नुसतं म्हणाली, "नेसला का? बरं केलं."

मला भरून आलं. माणूस आजारानं खचलाय, त्याला हसू नये, एवढं तिला कळलं. अन् खरं सांगतो, थोडं वाईटही वाटलं. हसली असती तरी चाललं असतं.

२ सप्टेंबर, पोळा

बापाच्या बैलजोडीची आठवण आली. आज बाईच्या घरी बैल नाहीत, तर म्हणते, "मोगरालेच धुवून आण तलावावर. तिचा पोळा नसते म्हणून काय झालं?"

आम्ही तिघं गेलो. बाई मोगराच्या पाठीवर हात ठेवून चालते, मोगरा जाईल तशी. तलावाच्या पाळीवरून उतरताना मोगरा थांबते, बाई पाय टाकते, मग मोगरा पुढचा पाय उचलते. एवढा जिव्हाळा मी माणसांत पाहिला नाही. मी मागून छत्री घेऊन, पाहुणा.

लहानपणी याच तलावात आम्ही म्हशींच्या शेपट्या धरून पोहायचो. बाई सगळ्यात पुढं, म्हशीच्या पाठीवर उभी! लग्नाआधी बापानं शपथ घालून ते सोडवलं. आज मी गुडघाभर पाण्यात उतरलो अन् तणसाचा बोळा करून मोगराला घासलं. बाई काठावरून ओरडते, "उजव्यानं घास! डाव्यानं मळ निघत नाई!" घासता घासता बोळा सुटला अन् माझा तळवा तिच्या ओल्या पाठीवर टेकला. गरम लागली. बोटांच्या टोकांना गरम लागली! जूनपासून त्या बोटांना काही लागलं नव्हतं. चटकाही नाही, सुईही नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. तिथंच उभा राहिलो, मोगरावर हात ठेवून. ती रवंथ करत होती. तिला काही घाई नव्हती, मलाही नव्हती. अशी वेळ लाखनीत कधी आली नाही.

२० सप्टेंबर

पेनाची सुतळी सोडली. डॉक्टर, अक्षर पाहा.

अंगठा अन् पहिली दोन बोटं मिटतात. आज गंज अर्धा भरला, एकट्या उजव्या हातानं. मोगरानं मान वळवून पाहिलं. माझी पाठ चाटली. खरवडून निघाली पाठ, तिची जीभ म्हणजे कानस आहे. पण मी हललो नाही.

पहाटे कोठ्यात बसलं की ती श्वास सोडते, मी धार काढतो, बगळे तलावाकडे जातात, अन् डोक्यात काही म्हणजे काही येत नाही. माझी बायको शकुंतला गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिचाही विचार इथं येतो तो भांडणाचा नाही, चांगलाच येतो. बायको असताना मी एवढा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

बाईचा मात्र स्वभाव तापट होत चाललाय. मी अनवाणी घरात आलो की, "कोन हाय? बोलत काहून नाई?" असं खेकसते. घरात आहेत कोण, मी अन् ती! मनगटाच्या दुखण्यानं असेल. रोज तेल लावतो.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

दूध मोगराचं, आटवलं मी. अंगणात पोरी भुलाबाईची गाणी म्हणून गेल्या. गाणी तीच, पोरी दुसऱ्या. तेव्हाच्या पोरी आता कुठं असतील? बाई दारात बसून सगळी गाणी त्यांच्या आधी म्हणत होती. पोरी गेल्यावर मला विचारते, "चांद निंगाला का रे?"

चांद समोर, चिंचेच्या वर, ताटाएवढा! म्हटलं, "नाही निघाला. सासरी गेलाय." बाई म्हणाली, "असं का," अन् पेला तोंडाला लावला. थट्टेत मला हरवते अजून. चेहऱ्यावर रेघ हलू दिली नाही.

३० ऑक्टोबर

जागेश्वर दिवाळीला आला आहे. येताना माझी मोठी कातर घेऊन आला. माझ्या पुढ्यात ठेवली. लग्नसराईचं काम येऊन पडलंय म्हणतो.

मी दिवसभर कातरीकडे पाहिलं नाही. आली नाही वळवता, तर? इथं कोठ्यात मी ठीक आहे, म्हशीला कळत नाही मी कोण होतो. कातरीला कळतं.

संध्याकाळी बाई म्हणाली, "भाऊबिजेले मले पोलकं शिवून दे. दुकानातलं नको. तुह्या हातचं."

म्हटलं, "बाई, बिघडलं तर?"

"बिघडलं तर मी घालीन ना, तू थोडीच घालशीन!"

१ नोव्हेंबर

सकाळी पाडव्याचं गायगोधन झालं. गावातली जनावरं सजून आखरावर, गुरं जमतात त्या माळावर आली. मोगराच्या शिंगांना मी रंग लावला, लाल अन् पिवळा, रेघ सरळ आली. शेणाच्या रचलेल्या गोधनावर एका पोरीनं रिवाजाप्रमाणे आपलं तान्हं पोर टेकवलं अन् उचललं. बाई शेजारी म्हणाली, "तुले बी असंच टेकवलं होतं मायनं. तू एवढा बोंबलला का गाई बिचकल्या." म्हणजे ओरडायची सवय जुनीच.

दुपारी कातर घेतली. छापाचं कापड, जांभळ्या फुलांचं. पहिला चावा घेताना कातर कापडात अडकली, मग मोगराची धार काढतो तशी मूठ वळवली, हळूहळू, घाई न करता. कातर चालली! कर्र कर्र आवाज आला तेव्हा मी मोठ्यानं रडलो. जागेश्वर अंगणात होता, आत आला नाही. समजदार आहे, मायवर गेलाय.

टाके हातानंच घातले. शिवून झालं तेव्हा दिसलं, डावी बाही उलटी लागली आहे. कापडाची फिकी बाजू वर. तीस वर्षांत असं झालं नव्हतं! उसवायला गेलो तर बोटं थकलेली. राहू दे. उद्या बाई झाडेल मला. दुकानात आली की रस्त्याच्या त्या बाजूनंच तिला माझी वाकडी शिलाई दिसायची.

२ नोव्हेंबर, भाऊबीज

हे नीट लिहायला पाहिजे. डोकं ठिकाणावर नाही.

बाई ओवाळायला बसली. कुंकवाचा टिळा लावला तो माझ्या भुवईवर. जागेश्वर हसला, "आत्या, डोळ्यात लावता का?" मी म्हटलं, मनगटं दुखतात तिची, हसू नको. मग मी पोलकं दिलं अन् शिव्यांची वाट पाहत बसलो. बाईनं ते नाकाशी नेलं, शिवणीवरून बोटं फिरवली, बाह्यांवरून, गळ्यावरून, अन् म्हणाली, "काय सुंदर शिवलं रे! एक टाका इकडचा तिकडं नाई."

"बाह्या पाहिल्या?"

"पाहिल्या ना. झ्याक हायेत."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला पाहत होती. अन् मला चांद आठवला. सुई आठवली, खडे आठवले. लुगडं आठवलं, न हसलेली बाई आठवली.

जागेश्वरला बाहेर पाठवलं. "बाई, कवापासून?"

तिनं पोलक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मागच्या दिवाळीपासून. आंधी धुकं होतं. आता दूध सांडल्यावानी सारं पांढरं. उजेड कळते, माणूस कळत नाई."

"सांगितलं काहून नाही?"

"तू लुळा हात घेऊन येऊन राहिला होता. मी म्हणू, ये बाप्पा, मी बी आंधळी हावो?"

मी म्हटलं, "मला वाटलं खडे अन् सुई हे तुझं नाटक आहे, माझ्या बोटांसाठी."

"नाटक कायचं रे! खडे मले दिसतच नोयते."

"अन् वरून मनगटं गेलेली तुझी."

बाईनं तोंडाला पदर लावला. "माह्या मनगटाले काय धाड भरली? मी पुरी आंधळी झाली तरी मोगराले पिळीन. ते थनं माह्या हाताले पाठ हायेत."

दोन महिने मी रोज तेल लावलं त्या मनगटांना! रोज! उजव्या हातानं! मी एवढा ओरडलो की मोगरानं कोठ्यातून उत्तर दिलं. गाढव आहे मी. जे खरं होतं त्याला नाटक समजलो, अन् नाटकाला तेल चोळलं. ओरडून झाल्यावर मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. माय गेल्यापासून ठेवलं नव्हतं.

५ नोव्हेंबर

जागेश्वर एकटाच लाखनीला गेला. मी म्हटलं, आत्याचे डोळे होईपर्यंत मी येत नाही. मोतीबिंदू आहे, ऑपरेशन होतं, एवढं मलाही कळतं. भंडाऱ्याला संक्रांतीनंतर शिबिर भरणार आहे.

बाई ऐकत नाही. "डोळ्याले सुरी लावू देऊ? हाय ते बी जाईन. घर पाठ हाय माह्यं, तलाव मोगराले पाठ हाय. आता कायले?"

ओरडलो. उपयोग शून्य.

१२ डिसेंबर

धान घरात आलं. रोज तोच वाद. तिनं मला खोटं बोलून बरं केलं. मला खोटं बोलता येत नाही, नुसतं ओरडता येतं. जेवताना तिच्या पानात मीठ वाढतो, हात धरून दाखवतो कुठं काय आहे, अन् मनात म्हणतो, हिनं माझ्यासाठी काय काय केलं अन् मी हिला एका गाडीत बसवू शकत नाही.

आज दूध काढून आलो, लुगडं सोडत होतो. बाई ओसरीवरून म्हणाली, "घनशा, एकाच गोष्टीचं वाईट वाटते पाह्य."

"कशाचं?"

"तू लुगडं नेसते अन् मले दिसत नाई. रंभा सांगते तं पोट धरते. सारं गाव पाहून राहिलं, मी सोडून."

मी लुगडं हातात घेऊन तसाच उभा. म्हटलं, "डोळे करून ये. नेसून दाखवतो. पदर घेऊन, बिंदी लावून."

"खरं?"

"मोगराची शपथ."

कोठ्याकडे तोंड करून म्हणाली, "मोगराले कोन पिळीन, आपण गेलो तं?"

मी त्याच पावली रंभाबाईकडे गेलो अन् तिच्या हातात हिरवं लुगडं दिलं, शिबिराच्या दिवसांत धार तुमच्याकडे म्हटलं.

भंडारा, २२ जानेवारी १९७९

शाळेच्या वर्गात रांगेनं माणसं झोपलेली, सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या. बाईचा आधी एकच डोळा केला. आत नेताना तिनं माझी बोटं धरली होती, उजवीच. सुटता सुटेना. मला दुखलं. मग वाटलं, दुखतंय!

डोकं हलवायचं नाही असं सांगितलंय. संध्याकाळी मी तिला भात भरवला. उजव्या हातानं, चिमटीनं, छोटे छोटे घास. एक शीत सांडलं नाही. बाई म्हणाली, "मोगराले काय बी कळत नसन आता. कोठं गेले म्हणत असन." मी म्हटलं, "तोंड हलवू नको." घाबरलो होतो मी. पट्टी सुटेपर्यंत अन्न गोड लागणार नाही.

२८ जानेवारी

पट्टी सोडली. जाड भिंगांचा चष्मा दिला. बाई बराच वेळ खाली पाहत बसली. डॉक्टर विचारतो, आजी, दिसतंय का? बोलेना. 

मग तिनं डावा हात वर केला. अंगात माझं जांभळ्या फुलांचं पोलकं होतं. बाहीचं टोक धरून माझ्याकडे पाहिलं, नीट माझ्या डोळ्यांत.

"घनशा, हे बाही उलटी हाय!"

"हो बाई."

"डोळे फुटले होते का तुह्ये?"

सगळा वर्ग हसला. मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

करडी, ३० जानेवारी

पहाटे लुगडं नेसलो. कबूल केल्याप्रमाणे बिंदी लावली, रंभाबाईची. पदर घेतला अन् मोगराजवळ बसलो. तिनं मला हुंगून पान्हा सोडला, धार सुरू झाली. मागून बाईची पावलं आली. मी वळून पाहिलं नाही. पावलं थांबली. काहीच आवाज नाही. मला वाटलं, हिला दिसलंच नाही की काय!

मग सुरू झालं. आधी नाकातून, मग पोटातून, अन् ती भिंतीला धरून खाली बसली, चष्मा कपाळावर गेला. "अगा बाप्पा! मिशी! घनशा, तुही मिशी!" अन् उचकी. एक, दोन, मग थांबायचं नाव नाही. रंभाबाई पाणी घेऊन धावत आली. मीही हसायला लागलो, लुगड्यात पाय अडकून शेणात बसलो, तर बाई पुन्हा! अठ्ठेचाळीस वर्षांनी तीच उचकी. मी शेणात बसून ऐकत राहिलो, उठावंसं वाटेना.

एवढ्या गोंधळात मोगरा बिचकली अन् दूध वर चढवून बसली. मग थेंब दिला नाही. चहा कोराच प्यायलो.

संध्याकाळी पिशवी भरायला घेतली. लाखनीला कामं पडलीत, जागेश्वरचा निरोपही आलाय. उद्या सकाळच्या एस.टी.नं निघणार होतो. कातर कापडात गुंडाळली, वही ठेवायची तेवढी राहिली. बाई दारात उभी होती, चष्मा लावून. माझ्या हाताकडे पाहत होती, पिशवीकडे पाहत होती. मग हळूच ओसरीवर बसली अन् उजवं मनगट डाव्या हातात धरलं.

"घनशा, मनगट लय दुखून राहिलं रे आज. मोगराले कोन पिळीन?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं, सरळ, न हसता.

पिशवी खुंटीला टांगली अन् तेल गरम करायला ठेवलं.